ओ ऑपरेटर, आवाज!

त्याला नाव असतं, पण ते आधार कार्डावर. मांडवात, यात्रेत, सप्त्यात, जयंतीला त्याला एकाच नावानं हाक येते: "ओ ऑपरेटर!" सासुरवाडीतसुद्धा तो "आमचे ऑपरेटर जावई" असतो आणि नव्यानं ओळख झालेल्या पाहुण्याला वाटतं, जेसीबी चालवत असतील. धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत कुठंही जा. बेंजो पार्टी असो, आराध्यांचा मेळा असो, भजनी मंडळ असो की भीमगीतांचा कार्यक्रम, स्टेजसमोर पन्नास-साठ फुटांवर बांबू बांधून आखलेल्या चौकोनात हा सापडणारच. पुढ्यात मिक्सर, शेजारी एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दुसरी चढवून त्यावर लॅपटॉप, डोक्यावर हेडफोन. एक कान झाकलेला, एक उघडा. झाकलेल्या कानानं तो कार्यक्रम ऐकतो आणि उघड्या कानानं गावाची बोलणी खातो.

वय पंचविशी-तिशीतलं. शिक्षण आयटीआय, ट्रेड इलेक्ट्रिशियन, नाहीतर बी.ए. दुसरं वर्ष, "दोन विषय ऱ्हायलेत" या पदवीसह. हे दोन विषय त्याच्या लग्नाआधीही राहिलेले असतात आणि पोरगं शाळेत जायला लागलं तरी राहिलेलेच असतात. बाकीचं शिक्षण मोबाईलवर व्हिडिओ बघून झालेलं. कुठल्यातरी गोऱ्यानं इंग्रजीत सांगितलेलं, मग कुणीतरी दिल्लीवाल्यानं हिंदीत समजावलेलं आणि शेवटी यानं स्वतःच्या खर्चानं बॉक्समधले दोन ट्वीटर जाळून मराठीत पक्कं केलेलं.

लॅपटॉपमुळं त्याची इज्जत वाढली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. आमच्या जिल्ह्यात कुणी लॅपटॉप उघडून बसलेला दिसला की लोक खिशातून आधार कार्ड काढतात. ऐन आरतीच्या वेळी, सोळा माईक उघडे असताना, एक जण शेजारी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "पीकविमा भरून मिळंल का?" हा मान हलवतो. "मग सातबारा?" तोही नाही म्हटल्यावर तो गृहस्थ पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांकडं बघतो आणि जाता जाता म्हणतो, "मग गेम खेळायलास व्हय, कार्यक्रम सोडून?"

या पट्ट्या म्हणजेच त्याचा कार्यक्रम. पण त्या समजायच्या तर आधी त्याच्या चुलत्याचा भोंगा समजला पाहिजे. साऊंडचा धंदा हा घरचाच असतो. चुलत्याकडं आहुजाचा ॲम्प्लिफायर होता. ही दिल्लीची कंपनी १९४० पासूनची, पण आमच्याकडं आहुजा ही कंपनी नव्हती, ती वस्तूच होती, "आहुजा आणला का?" एवढंच विचारायचं. दोन भोंगे, एक लिंबाला आणि एक देवळाच्या शिखराजवळ. माईक एकच. त्यामुळं मिक्सिंग हे माणसं हलवून व्हायचं. बुवा माईकला चिकटून, पेटी हातभर मागं, पखवाज बाजूला, टाळकरी पार तिसऱ्या ओळीत. एखाद्या टाळकऱ्याला हे अपमानाचं वाटलं तर तो वाजवत वाजवत इंच इंच पुढं सरकायचा आणि तिसऱ्या अभंगापर्यंत बुवांच्या खांद्यावर हनुवटी टेकायचा. मग चुलता उठून जायचा आणि त्याला दंडाला धरून मागं नेऊन बसवायचा. याला त्या काळात आवाज कमी करणं म्हणत.

आता प्रत्येकाला आपापला माईक. २०१२ मध्ये बेहरिंगरचा एक्स-३२ नावाचा डिजिटल मिक्सर आला आणि त्याच्यासारखे मिक्सर पुढं पुण्या-सोलापूरच्या मोठ्या साऊंडवाल्यांनी वापरून सोडल्यावर आमच्याकडं पोचले. त्यातून एक साधी यूएसबी वायर निघते आणि बत्तीस जणांचे आवाज बत्तीस वेगवेगळ्या रांगांत लॅपटॉपमध्ये जातात. लॅपटॉपवर रीपर नावाचं सॉफ्टवेअर. ते म्हणतं, साठ दिवस वापरून बघा, मग विकत घ्या. साध्या माणसाला साठ डॉलर. ऑपरेटरचे साठ दिवस गेली तीन नवरात्रं चालू आहेत. उघडताना दर वेळी ते अदबीनं आठवण करून देतं आणि हा तितक्याच अदबीनं म्हणतो, "सोयाबीन निघू द्या."

चार्जर लावला की स्पीकरच्या बॉक्समधून घूं असा आवाज येतो, म्हणून कार्यक्रमभर लॅपटॉप बॅटरीवर. अर्थिंगसाठी जमिनीत लोखंडी सळई ठोकून तिला मिठाचं पाणी पाजलेलं असतं, तरी भरवसा नाही. गणपतीच्या दिवसांत पडद्याच्या उजेडावर पाखरं येतात म्हणून त्यानं सगळा पडदा काळा करून घेतलाय, तरी एखादं पाखरू नेमकं गायकाच्या पट्टीवर बसतं आणि याला वाटतं, बुवांचा आवाज फाटला.

खरी कुस्ती कार्यक्रमाआधी. साऊंड चेक म्हणजे प्रत्येकानं येऊन, "माझं मलाच ऐकू येईना गेलंय," म्हणायचं. बेंजोवाला म्हणतो, कीबोर्डवाला म्हणतो, ऑक्टोपॅडवाला तर हेडफोन घालूनही म्हणतो. बेंजो हे मूळ जपानी वाद्य. १९१२ च्या सुमाराला नागोयात कुणीतरी टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवल्या आणि ताइशोगोतो तयार झालं. त्या सज्जनानं ते घरात बसून हळू वाजवण्यासाठी केलं असावं. आमच्याकडं त्याला पिकअप बसवून ते वरातीत वाजवतात आणि वाजवणाऱ्याच्या पाठीमागं त्याचा स्वतःचा ॲम्प असतो, ज्याच्या बटणाला ऑपरेटरनं हात लावायचा नाही असा अलिखित करार आहे. बेंजोवाला स्वतःचं एक बोटभर वाढवतो. ते बघून कीबोर्डवाला वाढवतो. मग गायकाला आपण ऐकू येत नाही म्हणून तो ओरडतो, ओरडल्यावर माईक शिट्टी मारतो आणि शिट्टी वाजली की अख्खं स्टेज एका सुरात म्हणतं, "ओ ऑपरेटर!" त्या रात्री सगळे एका सुरात आलेले असतात ते तेवढंच.

हलगीची कथा वेगळी. वाळल्या गवताच्या जाळावर शेकून घेतलेली हलगी दोन फर्लांगांवर ऐकू जाते. तिला माईकची गरज नाही. उलट ती बाकी सगळ्यांच्या माईकमध्ये न बोलावता शिरते. पण सगळ्यांना माईक आणि हलगीला नाही म्हटल्यावर हलगीवाला दोन काड्या खाली ठेवून म्हणतो, "मग आमी जातो." माईक आवाजासाठी लावतात हा पुस्तकी समज आहे, तो मानासाठी लावतात. ऑपरेटर निमूटपणे चांगल्यातला चांगला माईक त्याच्यापुढं लावतो, लॅपटॉपवर रांगेला मोठ्या अक्षरांत "हलगी" असं नाव देतो आणि पट्टी तळाला बंद ठेवतो. गंमत अशी, की पट्टी बंद असली तरी वाजवल्यावर शेजारचा हिरवा खांब नाचतो, कारण आवाज आत येतोच, फक्त बाहेर जात नाही. हलगीवाला मध्यंतरात येऊन बघतो. सगळ्यात उंच खांब आपला! "आज सेटिंग लई भारी झालंय," तो म्हणतो आणि ऑपरेटरला तंबाखू देतो.

याच शास्त्राचा वरचा वर्ग म्हणजे "अध्यक्ष". मंडळाचा अध्यक्ष, त्याचा मेहुणा, देणगीदार आणि त्या दिवशी जे कुणी पांढऱ्या कपड्यांत असतील ते, कार्यक्रम सुरू झाल्यावर बांबूच्या चौकोनात येतात. पाहुण्याला दाखवायचं असतं, की इथं आपलं चालतं. "जरा बेस दे की. आणि ते बारीक काय वाजायलंय, ते वर घे." तरुणपणी ऑपरेटर त्यांना समजावून सांगायचा. आता त्यानं लॅपटॉपवर सतरावी रांग उघडून ठेवली आहे. तिला कुठलाही माईक जोडलेला नाही आणि ती कुठल्याही बॉक्सला जात नाही. नाव फक्त "अध्यक्ष". रंग भगवा, आणि १४ एप्रिलच्या आसपास निळा. अध्यक्ष आले की हा खुर्ची सोडून म्हणतो, "तुमीच बघा, तुमाला कान हाय." अध्यक्ष एका बोटानं पट्टी वर सरकवतात. थोडं थांबतात. अजून पाव इंच. "हांऽऽ, आता कसं!" पाहुणेही मान डोलवतात. मी त्या चौकोनात उभा राहून हे बघितलंय आणि सांगायला लाज वाटते, मलाही फरक जाणवला.

यात आपलं गाव मागासलेलं आहे असं कुणी समजू नये. असं काही न करणारं बटण मोठमोठ्या स्टुडिओंतही निर्मात्यासाठी राखून ठेवल्याच्या गोष्टी जगभरचे साऊंडवाले एकमेकांना सांगतात. आमच्या ऑपरेटरनं फक्त त्यावर नाव टाकलं.

पण सगळेच अध्यक्षासारखे भोळे नसतात. गर्दी मोठी असली की मैदानाच्या मध्यावर आणखी दोन बॉक्स लावावे लागतात, स्टेजपासून पस्तीस-एक मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे स्टेजचा आवाज तिथं पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. वायरीतून मात्र तो त्याच क्षणी पोचतो. मग मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आधी जवळच्या बॉक्सचा आणि मग लांबून आलेला. म्हणून जवळचे बॉक्स तेवढेच मागं धरायचे. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं: डिले, १०२. एका मंडळात एका सदस्यानं ते वाचलं. त्याचं इंग्रजी दहावीपर्यंत पक्कं होतं.

"डिले म्हंजे उशीर ना?"

"व्हय."

"मागच्या लोकांला उशिरा सोडायलास?"

"दादा, तसं न्हाई, पुढचा आवाज तिथवर यायला..."

"मागं कोण बसलंय ठावं हाय का? समदी आमची भावकी. वर्गणी कमी दिली का आमी?"

दोन-चार जण जमले. ऑपरेटरनं आवाजाचा वेग सांगून बघितला, वीज आणि गडगडाटाचा दाखला देऊन बघितला. तिथंच भावकीतल्या एकानं, "आता पावसाचं कशाला काढतोस, आधीच दुष्काळ," असं म्हणून तो मुद्दा निकाली काढला. शेवटी यानं शून्य केलं. निवेदकानं "भवानी" म्हटलं की मागच्यांना "भवानी-वानी" ऐकू यायला लागलं. एक गाणं कसंबसं गेलं आणि तेच गृहस्थ परत आले. "पहिलं व्हतं तसं कर. पण उशीर लावू नको." ऑपरेटरनं आकडा होता तसा ठेवला आणि रांगेचं नाव बदलून "मागं खास" असं केलं. त्या रात्री भावकीनं त्याला दोनदा चहा पाठवला.

इको हा आणखी एक नाजूक विषय. आमच्याकडं इको नसलेला आवाज हा आजारी माणसाचा आवाज समजतात. गायकाला इको पाहिजे, निवेदकाला पाहिजे, हरवलेल्या पोराचं नाव पुकारणाऱ्यालाही पाहिजे. पण इकोचा खरा उपयोग बक्षिसं पुकारताना. गाणं चालू असतानाच निवेदक चिठ्ठी वाचतो: अमुक अमुक यांच्याकडून एकशे एक रुपये. इको नीट लावलेला असला तर "एक... एक... एक..." असं घुमत जातं आणि देणाऱ्याला आपण बरेच दिल्यासारखं वाटतं. त्यातून दुसरा देणारा उठतो. ऑपरेटरनं लॅपटॉपमध्ये अशी तजवीज केली आहे, की निवेदक बोलायला लागला की गाणं आपोआप खाली बसतं आणि तो थांबला की वर येतं. त्यामुळं रंगात आलेल्या देवीच्या गाण्याच्या एका कडव्यात सात बक्षिसं आली, की गाणारी बाई सात वेळा बुडते आणि सात वेळा वर येते. गाण्याचा अर्थ कुणाला विचारू नका. रकमा सगळ्यांना पाठ असतात.

रात्री दहाला पोलीस येतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद; वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी हलगी ऐकलेली नसावी. हवालदार थेट अध्यक्षाकडं जात नाही, तिथं राजकारण असतं. तो बांबूच्या चौकोनात येतो. "ए, बंद कर." मागून अध्यक्षाचा हात खांद्यावर पडतो: "एकच गाणं, साहेब." ऑपरेटर मध्ये. अशा वेळी तो काय करतो ते शिकण्यासारखं आहे. मुख्य पट्टी तो तीन डेसिबल खाली घेतो. तीन डेसिबल खाली म्हणजे बॉक्समध्ये जाणारी ताकद बरोबर निम्मी. कानाला मात्र ते जेमतेम कळतं. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला दहाच्या आसपास उतरावं लागतं. मग तो हवालदाराकडं वळून, विठ्ठलाच्या पायावर हात ठेवूनही सांगता येईल असं खरं बोलतो, "साहेब, निम्मं केलं." हवालदार कान देतो. पडद्यावरचा आकडा खाली आलेला त्याला दिसतो. "हां, असंच ठेव," म्हणून तो पाण्याची बाटली घेऊन जातो. अध्यक्षही खूश, कारण त्याला काहीच कमी झालेलं वाटत नाही. मग दोघांनाही फसवल्याचं पाप डोक्यावर घेऊन हा पुढचं गाणं सोडतो आणि पावणेअकराला खरंच बंद करतो, कारण सगळं मोडून त्याला पहाटे येरमाळ्याला पोचायचं असतं.

या माणसाकडं किती मोठी गोष्ट आहे हे मला एका नवरात्रात कळलं. गावाचं नाव सांगत नाही. आराध्यांचा मेळा होता. संबळ, तुणतुणं, झांज, पेटी, दोन गायिका, एक बुवा. ऐन रंगात लाईट गेली. जनरेटर होता, पण जनरेटरवाल्याच्या म्हणण्याप्रमाणं डिझेलचं ठरलं नव्हतं. काळोख. बॉक्स गप्प. आता हे बघा: बॉक्सचे ॲम्प लाईनवर असतात, पण मिक्सर एका छोट्या यूपीएसवर आणि लॅपटॉप तर बॅटरीवरच. म्हणजे बाहेर आवाज बंद, पण स्टेजवरचा प्रत्येक माईक जागा आणि रेकॉर्डिंग चालू. स्टेजवरच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं. लाईट गेली म्हणजे माईक मेला, अशी आपली साधी समजूत असते.

ऑपरेटरनं हेडफोनचा एक कान मला दिला.

पेटीवाला झांजवाल्याला सांगत होता, की बुवांनी काळी चार म्हणून सुरू केलं आणि आता ते कुठल्या पट्टीत आहेत ते देवीलाच ठाऊक. मोठ्या गायिकेनं धाकटीच्या साडीबद्दल काहीतरी म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण निरीक्षण अचूक होतं. बुवा बिदागीचा आकडा पुन्हा पुन्हा मोजत होते आणि दर वेळी तो कमी येत होता. एवढ्यात अध्यक्ष लोकांना शांत करायला अंधारात स्टेजवर चढले, दोन नंबरच्या माईकपाशी उभे राहिले आणि खजिनदाराच्या कानात म्हणाले, "लाईट गेल्याचं धरून दोन हजार कमी द्यायचे, बरं का." खजिनदार म्हणाला, "साऊंडवाल्याचेबी?" अध्यक्ष म्हणाले, "त्याचे आधी."

मी ऑपरेटरकडं पाहिलं. लॅपटॉपच्या उजेडात त्याचा चेहरा शांत होता. त्यानं बोटानं मला थांब अशी खूण केली, एकेक रांग बंद केली आणि फक्त संबळाची चालू ठेवली. संबळवाला म्हातारा होता. अंधारात, कुणी ऐकत नाही या खात्रीनं, तो एकटाच हळू वाजवत होता. एका हातात आकडेबाज काडी, दुसऱ्या हातातली सरळ, आणि मध्येच बोटांनी दाबून काढलेला तो ओला घुमारा. कार्यक्रमभर त्याच्यावर पेटी, झांज, बक्षिसं आणि "उदो उदो" चढलेलं होतं. मी धाराशिवात जन्मलो, संबळ ऐकतच मोठा झालो, पण संबळ असं वाजतं हे मला त्या रात्री हेडफोनच्या एका कानातून कळलं. मग लाईट आली, बॉक्स गरजले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, महावितरणसाठी.

दुसऱ्या दिवशी त्यानं अध्यक्षाचं, साडीचं, बिदागीचं सगळं पुसून टाकलं. "धंदा करायचाय," एवढंच म्हणाला. संबळाचा तुकडा मात्र ठेवला. त्याच्याकडं असे बरेच तुकडे आहेत. ते तो कुणाला देत नाही आणि कुणी मागतही नाही.

लोक मागतात ते दुसरंच. दुसऱ्या दिवशी दुकानात रांग लागते. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आणि बॉक्सवर एका बाजूला उस्मानाबाद अन् दुसऱ्या बाजूला धाराशिव. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा रंग एकाच बाजूला पुरला. प्रत्येक जण चार जीबीचा पेनड्राईव्ह घेऊन येतो. सोळा रांगांचं तासभराचं रेकॉर्डिंग आठ जीबीच्या पुढं जातं, हे सांगितलं की म्हणतात, "मग बसंल तेवढं दाबून भर." आणि प्रत्येकाची मागणी एकच: "फक्त माझं लाव." ऑपरेटर नाही म्हणून बघतो. कारण पडद्यावर एक बटण असतं, ते दाबलं की बाकी सगळे गप्प होतात आणि त्या एकट्याचा आवाज ऐकू येतो. इको नाही, झांज नाही, पाठीमागं कोरस नाही. गेल्या वीस वर्षांत ज्या बुवांनी स्वतःला फक्त इकोसकट ऐकलंय, ते अर्धा मिनिट ऐकतात आणि म्हणतात, "हे माझं न्हाई."

"माईक खराब होता, बुवा," ऑपरेटर लगेच म्हणतो.

"मला वाटलंच."

मग तो सूर जागेवर बसवणारं सॉफ्टवेअर हळूच लावतो. असलं पहिलं नावाजलेलं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकी माणसानं काढलं. हा गृहस्थ आधी तेल शोधणाऱ्यांच्या धंद्यात होता; जमिनीच्या पोटात आवाज सोडून परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ओळखायचं, असं ते गणित. आमच्याकडं हेच काम पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून करतो, पण त्याला अजून गाणं सुधारता आलेलं नाही. बुवांचा सूर थोडा वर घेतला जातो. संध्याकाळी ते गावभर मोबाईलवर ऐकवत फिरतात.

रेकॉर्डिंगचा एक उपयोग मात्र फक्त ऑपरेटरच जाणतो. त्याच पार्टीचा दुसऱ्या गावात कार्यक्रम असला, की वाजवणारे पोचायच्या आधी तो मागच्या वेळच्या सोळाच्या सोळा रांगा लॅपटॉपमधून मिक्सरमध्ये सोडतो. जणू सगळे स्टेजवर बसलेत अशा थाटात आवाज जुळवून ठेवता येतो आणि कुणी "माझं मलाच ऐकू येईना" म्हणायलाही नसतं. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात सुखाचा अर्धा तास. एकदा असं चालू असताना कार्यक्रम सुरू झाला समजून बाया-माणसं सतरंज्या घेऊन पळत आली. संबळ वाजतंय, बाई गातेय, झांजा चालल्यात, आणि स्टेजवर एक कुत्रं सोडून कुणी नाही. एका आजीनं आधी हात जोडले. मग चौकोनाशी येऊन विचारलं, "वाजिवणारी कुठं बसल्यात रं, बाबा?"

यानं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. "ह्यात, आज्जी."

आजीनं लॅपटॉप नीट बघून घेतला. "मग पन्नास माणसाचा सैपाक कशाला टाकलाय त्यांनी?"

हे वाक्य मंडळापर्यंत पोचलं. मध्यरात्री हिशेबाला बसल्यावर खजिनदारानं तेच काढलं, की पुढच्या साली पार्टी कशाला, नुसता तू अन् लॅपटॉप या. ऑपरेटर वायरी गुंडाळत होता. भाडं ठरतं ते बॉक्सवर. बॉक्स किती, टॉप किती, बेस किती. खजिनदारानं बोटांवर मोजले, लाईट गेल्याचे कापले आणि लॅपटॉपपाशी येऊन थांबला.

"ह्याचं काय लावलंस?"

"रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मागचे बॉक्स..."

"पण हे तर तुझ्या घरचंच हाय. आन बॅटरीवर चाललं. लाईटसुदीक लागली न्हाई त्याला."

ऑपरेटरनं त्यावर वाद घातला नाही. नोटा मोजून खिशात घातल्या आणि मिक्सरवर गोधडी टाकली. खजिनदार दोन पावलं गेला आणि परत आला. इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला.

"ते अध्यक्षाचं बटण लई भारी हाय, बग. त्यांनी सरकिवलं की लगीच कळायचं. पुढच्या साली खजिनदाराचंबी एक टाक."

"टाकतो की," ऑपरेटर म्हणाला. "पण त्याचं भाडं लागंल."